वरच्या ऑफिसातले रामटेकेकाका

रामटेकेकाकांच्या सुजाताचा फोन आला तेव्हा मेट्रो यमुना ओलांडत होती. शनिवारची दुपार, डबा निम्मा रिकामा, आणि मी मयूर विहारहून मंडी हाउसला एका तालमीसाठी निघाले होते. "माधवीताई, बाबा गेले," ती म्हणाली. "जेवले, जरा आडवे झाले, आणि मी चहाला उठवायला गेले तर..." पुढच्या स्टेशनवर उतरून मी उलट्या दिशेची, वैशालीची गाडी पकडली. काका गाझियाबादला राहायचे. आणि त्या गाडीत एक विचित्र गोष्ट झाली. मला हसू आलं. काकांच्या नाटकातला भालेराव नावाचा सेक्शन ऑफिसर अगदी असाच मरतो, दुपारी जेवून, आडवा होऊन. वर पोचल्यावर त्याचं पहिलं वाक्य असतं, "अहो, निदान चहा तरी होऊ द्यायचा!" समोरच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या तशी मी ओढणी तोंडावर धरली, आणि मग मात्र रडूच कोसळलं.

दिगंबर रामटेके हे नाव दिल्लीबाहेरच्या वाचकांना ठाऊक असायचं काही कारण नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हा माणूस विशीत दिल्लीला आला, एका मंत्रालयात कारकून म्हणून लागला आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाला. ब्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात त्यांनी नाटक लिहिलं ते एकच. 'आवक-जावक'. दर पाच-सहा वर्षांनी ते पुन्हा उभं राहायचं, नव्या पोरांना घेऊन, कधी गणेशोत्सवात तर कधी एखाद्या शाळेच्या सभागृहात. तेवढ्यावर दिल्लीतल्या मराठी माणसांच्या दोन पिढ्या त्यांना ओळखत होत्या. लक्ष्मीबाई नगरच्या बाजारात लोक त्यांना थांबवून विचारायचे, "काय काका, वरच्या ऑफिसात आमची फाईल कुठवर आली?" काका गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "तुमची? दोनदा हरवली."

मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा बावीस वर्षांची होते. माझे वडीलही सरकारी नोकरीत, आमचंही क्वार्टर लक्ष्मीबाई नगरातच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, त्यामुळे माझं मराठी म्हणजे खिचडी होती. आईने बळेच तालमीला पाठवलं, "चार मराठी माणसांत बस" म्हणून. काकांच्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीतली खाट बाल्कनीत काढून तालीम चालायची. मला पाच ओळी वाचायला दिल्या. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "मी उद्या नाही येऊ शकणार, माझी परीक्षा चालून राहिली आहे." पुण्याहून बदलून आलेल्या दोघी बायका फिसकन हसल्या. मला वाटलं, जमिनीत जावं. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि त्या दोघींकडे बघून म्हणाले, "हसता काय? पोरगी शुद्ध भंडाऱ्याचं मराठी बोलून राहिली. हिलाच घेतो." तेवढ्यात काकूंनी तर्री पोह्यांच्या बश्या आणल्या. त्या संध्याकाळी मी घरी गेले ती 'वरच्या ऑफिसातली क्लार्क' होऊनच, आणि पुढे पंचवीस वर्षं ती भूमिका मी कोणाला दिली नाही.

नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगते. भालेराव मरतो आणि एका कचेरीत येऊन पोचतो. रांग आहे, टोकन आहे, बंद पडलेला पंखा आहे. टेबलामागे एक क्लार्क आहे, म्हणजे मी. ती सांगते, "तुमची इथे आवक झाली त्याची नोंद आहे. पण इथून पुढे जावक होत नाही. तुम्ही ज्याचं वाईट केलं असा एक माणूस शिल्लक आहे. त्याने कडू तोंड न करता तुमचं नाव घेतलं, की फाईल पुढे सरकते." भालेराव छाती फुगवून म्हणतो, "मी? मी कोणाचं वाईट केलं?" आणि मग जे एकेक जण येतात... कॅन्टीनवाला, मेहुणा, शेजारच्या क्वार्टरमधल्या आजी... त्यांच्यापायी पहिल्या अंकात लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी असायचे. शेवटी उरतो सूर्यवंशी. भालेरावच्या हाताखालचा साधा असिस्टंट. भालेरावने त्याचा गोपनीय अहवाल, ज्याला ऑफिसात सगळे सीआर म्हणतात, तो खोटा लिहून बिघडवलेला असतो. शेवटच्या प्रवेशात सूर्यवंशीही मरून तिथे येतो, भालेराव हात जोडतो, सूर्यवंशी म्हणतो, "जा भालेराव, माफ केलं," पंखा आपोआप फिरायला लागतो आणि पडदा.

काकांचं घर बौद्ध, आत्मा-बित्मा मानणाऱ्यांतले ते नव्हेत. कोणीतरी एकदा खोचकपणे विचारलं, "मेल्यानंतर काही उरतं असं तुम्ही मानतच नाही, मग हे नाटक कसं लिहिलंत?" काका म्हणाले, "मंत्रालयातल्या फायलींवरच्या नोटिंगवर तरी माझा कुठे विश्वास होता? जन्मभर लिहिलंच ना?" देव मात्र त्यांनी रंगमंचावर येऊ दिला नाही. "देव मी पाहिला नाही, बाबू पाहिलेत. बाबू दाखवीन," एवढंच उत्तर.

तालमीत ते कडक होते. "हसवायचं असेल तर तुम्ही हसू नका," हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. माझ्या वाट्याला तर नाटकासोबत मराठीची शिकवणीही आली. मला अडलेला प्रत्येक शब्द ते करून दाखवायला लावायचे. ताटकळणे म्हणजे काय, ते सांगायचं नाही, करायचं. मी या पायावरून त्या पायावर, भिंतीला टेकून, घड्याळ बघत उभी राहिले की म्हणायचे, "आता कळला शब्द. आता बोल." पुढे त्यांनी तो शब्द माझ्या भूमिकेतच घातला. वर आलेल्या प्रत्येकाला क्लार्क फर्मावते, "ताटकळा!" आणि दर वेळी हशा. आज मी एका शाळेत मराठी नव्हे, हिंदी शिकवते, पण भाषा अंगातून शिकवायची असते हे मी त्या खाट काढलेल्या खोलीत शिकले.

माझं टेबल प्रेक्षकांकडे तोंड करून असायचं. बाकीचे नट एकमेकांकडे बघत, मी सगळा वेळ सभागृहाकडे. तिसऱ्यांदा नाटक उभं राहिलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की शेवटच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसतात, पहाडी टोपी, हातात घडी केलेला मफलर, आणि ते एकदाही हसत नाहीत. मागच्या खेपेलाही ते होते, त्याच्याही आधी होते, असं मला आठवायला लागलं. पडदा पडला की उठायचे, काकांना लांबूनच नमस्कार करायचे आणि निघून जायचे. मी काकांना विचारलं. "नेगीजी," ते म्हणाले, "माझ्या सेक्शनमध्ये होते." आणि विषय बदलला.

खरी गोष्ट कळली त्यानंतर कितीतरी वर्षांनी. काका निवृत्त होऊन गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले होते, काकू वारल्या होत्या, मी एका रविवारी सकाळी भेटायला गेले होते. पाचव्यांदा नाटक करायचं ठरत होतं आणि काका निमंत्रणाच्या पाकिटांवर पत्ते लिहीत होते. पहिलंच पाकीट नेगीजींचं. मी ते हातात घेऊन नुसती बघत राहिले, तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. "सूर्यवंशी म्हणजे हेच," ते म्हणाले. साहेबाला एका फायलीवर मागची तारीख टाकून हवी होती, नेगीजींनी टाकायला नकार दिला. साहेबाने काकांना बोलावून सांगितलं, याचा सीआर तुम्ही लिहिता, नीट लिहा. "नीट म्हणजे काय ते मला समजलं होतं, पोरी. दोन लेकरं होती, प्रमोशन तोंडावर होतं... मी लिहिलं, सचोटी संशयास्पद. दोन शब्द. त्यांची बदली झाली, बढती अडली ती कायमची, असिस्टंट म्हणूनच रिटायर झाले. कोणी लिहिलं ते त्यांना माहीत आहे. दर खेपेला कार्ड पाठवतो. ते येतात, बसतात, नमस्कार करतात, जातात."

मी पाकीट खाली ठेवलं. मग जे बोलले त्यापायी मला पुढे कित्येक दिवस झोप लागली नाही. "काका, नेगीजींना मराठी येतं?"

"नाही. गढवालचे आहेत ते."

"म्हणजे ज्यांची माफी मागायची त्यांना कळूच नये अशा भाषेत मागितलीत. सोयीचंच झालं की."

काकांचा चेहरा बंद झाला. त्यांनी पाकिटं गोळा केली, आत ठेवली आणि टीव्ही लावला. मी थोडा वेळ बसले आणि निघाले. दोन महिने त्यांचा फोन नाही, माझे फोन उचलले नाहीत. सुजाता म्हणायची, "बाबा ठीक आहेत, लिहीत बसतात." मला वाटलं होतं, ज्यांनी मला माझी भाषा दिली त्या माणसाला मी त्याच भाषेत जखम केली आणि आता हे संपलं.

मग एक दिवस तालमीचा निरोप आला. गेले तर काकांनी शेवटचा प्रवेश अख्खा हिंदीत लिहून आणला होता. शिवाय, त्र्याहत्तराव्या वर्षी भालेराव स्वतः करणार म्हणत होते. आयोजकांपैकी एक जण वैतागला. "काका, हा मराठी महोत्सव आहे यार, हिंदी प्रवेश कसा चालेल?" काका शांतपणे म्हणाले, "वरच्या ऑफिसात काय फक्त मराठी माणसं येतात? एवढ्या मोठ्या दिल्लीत बाकीचे कोणी मरत नाहीत?" माझ्याशी ते जेवढ्यास तेवढं बोलत होते. फक्त तालीम संपताना एकदा जवळ आले आणि म्हणाले, "तू खरं बोलली होतीस. राग त्याचाच आला होता."

प्रयोग रविवारी दुपारी होता. नेगीजींची खुर्ची या खेपेला काकांनी स्वतः तिसऱ्या रांगेत ठेवली होती. शेवटचा प्रवेश सुरू झाला. सूर्यवंशी करणारा आमचा बँकेतला जोशी समोर येऊन उभा राहिला. काकांनी त्याच्याकडे पाहायला हवं होतं, पण ते हळूहळू वळले आणि प्रेक्षकांकडे, तिसऱ्या रांगेकडे बघून बोलायला लागले. "आपकी रिपोर्ट मैंने लिखी थी। मुझे मालूम था कि झूठ है। साहब ने कहा था, पर हाथ मेरा था।" आता जोशीने "जाओ भालेराव, माफ़ किया" म्हणायचं, पंखा फिरायचा. जोशी काहीच बोलला नाही. त्याने एकदा काकांकडे पाहिलं आणि विंगेत निघून गेला. मला वाटलं वाक्य विसरला! मी टेबलामागे एकटी, काका पाठमोरे, पंखा बंद, आणि सगळं सभागृह माझ्या तोंडाकडे बघतंय. मी रजिस्टर उघडलं, पानं उलटली, घसा साफ केला आणि हिंदी विसरून मराठीतच म्हटलं, "भालेराव, फाईल पेंडिंग आहे." काका वळले. "तोवर मी काय करू?" तेवढ्या एका क्षणात मला समजलं, की जोशी विसरलेला नाही. काकांनीच त्याला तसं सांगितलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून आलं, "नुसते ताटकळू नका. रांग वाढलीय. टोकन वाटा." काकांनी माझ्या टेबलावरची टोकनं उचलली आणि रंगमंचाच्या पायऱ्या उतरून पहिल्या रांगेपासून एकेकाला टोकन द्यायला लागले, "घ्या, हे तुमचं... बसा, वेळ लागेल... घ्या." लोक हसायला लागले, आणि हसता हसता कितीतरी जणांनी डोळे पुसले. मी नेगीजींकडे बघत होते. हसले नाहीत. पण टोकन त्यांनी घेतलं.

आम्ही रंग उतरवत असताना नेगीजी रंगमंचामागे आले. पहिल्यांदाच. काका उठून उभे राहिले, अर्धा चेहरा पुसलेला. नेगीजी म्हणाले, "रामटेके साहब, मराठी वाला भी मैं समझता था।" काकांना कळेना. "मेरी बदली कहाँ हुई थी, याद है? नागपूर. चार वर्षं राहिलो तिथं." हे शेवटचं त्यांनी मराठीत म्हटलं, थेट नागपुरी वळणाच्या. "जहाँ आपकी रिपोर्ट ने भेजा, वहीं सीखी।" काका खुर्चीत बसले. कसंबसं म्हणाले, "फिर इतने साल कुछ कहा क्यों नहीं?" नेगीजींनी मफलरची घडी या हातातून त्या हातात घेतली. "आप मुझसे थोड़े ही कह रहे थे। हॉल से कह रहे थे। आज मुझसे कहा।" काकांनी हात जोडले. नेगीजींनी ते धरून खाली केले. "माफ़ी रहने दीजिए। एक काम कीजिए। मेरी बेटी से कह दीजिए। वो आज तक सोचती है, पापा ने कुछ तो किया होगा।"

पुढच्या रविवारी मी काकांना माझ्या गाडीतून नेगीजींच्या घरी घेऊन गेले. तेही गाझियाबादलाच, दहा मिनिटांवर. इतकी वर्षं दहा मिनिटांवर! वाटेभर काका शर्टाचं वरचं बटण लावत आणि काढत होते. नेगीजींची मुलगी चाळिशीची, कॉलेजात शिकवणारी. काकांना बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं, साहेब, फाईल, तारीख, ते दोन शब्द. मधे कुठे स्वतःची बाजू घेतली नाही, लेकरांचा उल्लेखही केला नाही. मुलगी शेवटपर्यंत ऐकत होती. मग वडिलांकडे तिने असं काही पाहिलं, की मी खिडकीबाहेर बघायला लागले. काकांना ती एवढंच म्हणाली, "अंकल, माँ के रहते आ जाते।" परत येताना गाडीत ते रडले. मी त्यांना तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

मला काकांबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या दिवसाचा. मोठी नाटकं लिहिणारे पुष्कळ असतात. त्र्याहत्तराव्या वर्षी एखाद्याच्या दिवाणखान्यात उभं राहून, आपल्याला माफी मिळणार नाही हे दिसत असतानाही वाक्य पुरं करणारा माणूस मी एकच पाहिला. पुढे एकदा मी विचारलं, "मुलीने माफ केलं नाही, वाईट वाटतं का?" ते म्हणाले, "तिचा हक्क आहे तो. मेल्यावर काहीच नाही, पोरी, म्हणून तर इथंच उरकावं लागतं. आणि इथं सगळं उरकतंच असं नाही." नेगीजींशी मात्र हळूहळू बैठक जमली. काकांच्या सोसायटीच्या बागेत सकाळी दोघं बाकावर बसायचे, एक हिंदीत बोलायचा, दुसरा मराठीत, आणि दोघं मिळून वर्तमानपत्रातल्या चुका काढायचे. नेगीजींनी काकांना कधी "माफ केलं" म्हटलं का? मला माहीत नाही. काकांनीही कधी सांगितलं नाही.

काका गेल्याला आता दीड महिना झाला. मागच्या रविवारी सकाळी सुजाताने घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. बुद्धवंदना झाली, खीर झाली, आम्ही जुन्या कलाकारांनी भालेरावचा पहिला प्रवेश नुसता वाचला आणि काकांच्या फोटोसमोर लोक पोट धरून हसले. नेगीजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होते, आता काठी लागते त्यांना. मुलगीही आली होती, त्यांना सोडायला, आणि मग थांबली. तिने काकांच्या फोटोला फूल वाहिलं.

काकांची एक सवय सांगायची राहिली. तालीम संपली, कोणी घरून निघालं, की तासाभराने त्यांचा फोन यायचा. "पोचली का?" एवढंच. आपण "पोचले" म्हटलं की "बरं" म्हणून फोन ठेवायचे, पुढे एक अक्षर नाही. दिल्लीसारख्या शहरात बायकामुली एकट्या ये-जा करतात, म्हणून त्यांनी हे कधीतरी सुरू केलं आणि मी पन्नाशी ओलांडली तरी सोडलं नाही. बस, ऑटो, मेट्रो, माझी स्वतःची गाडी, सगळं बदलत गेलं, फोन तोच; शेवटी शेवटी तर मागून नेगीजींचा आवाजही ऐकू यायचा. कधी कधी मला कंटाळाही यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी दुपारी मी मयूर विहारला पोचले, कुलूप उघडलं, पिशवी टेबलावर ठेवली, पाणी प्यायले. घरात फार शांत होतं. मी उगीच फोन हातात घेऊन बसले होते. तो वाजला. नेगीजींचं नाव.

"पोचली का?" पलीकडून थकलेला, गढवाली-नागपुरी आवाज.

"पोचले," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.